उशांच्या धंद्यावर नियंत्रण कोणाचे?

उशी शिवायला अक्कल लागते, असं कोणी म्हणत नाही. तीन बाजू शिवायच्या, कापूस भरायचा, चौथी बाजू शिवून टाकायची, झालं. पण आपण उशा शिवतो एवढंच सरकारला कळवायचं ठरवलं, तर अख्खं घर, दोन्ही बाजूंचे शेजारी आणि एक अधिकारी कामाला लागतात, हे मी स्वतः पाहिलं आहे. आता त्या गोष्टीला खूप वर्षं झाली. सुईत दोरा ओवायचा तर मला नातीला हाक मारावी लागते. पण त्या दुपारी आमच्या मधल्या खोलीत कोण कुठे बसलं होतं आणि कोणाचा चेहरा कधी उतरला, हे मी आजही जसंच्या तसं सांगू शकते.

माझ्या उशांचं वैशिष्ट्य असं, की मी माणूस बघून उशी भरायची. कुशीवर झोपणाऱ्याला उंच, उताणं झोपणाऱ्याला बेताची. पालथं झोपणाऱ्याला मी उशी देत नसे, उपदेश देत असे. रुंद खांद्यांचा माणूस दारात उभा राहिला, की 'या, बसा' म्हणायच्या आधी माझ्या डोक्यात कापूस मोजून व्हायचा.

दुसरं वैशिष्ट्य सासूबाईंचं. तयार झालेली प्रत्येक उशी घराबाहेर पडण्याआधी त्यांच्या डोक्याखालून जायची. दुपारी जेवणं झाली, की त्या मधल्या खोलीतल्या पलंगावर नवी उशी घेऊन आडव्या व्हायच्या. चहाच्या वेळेला उठायच्या आणि निकाल द्यायच्या. निकाल दोनच. 'चालेल' किंवा 'नाही'. कारण विचारलं, तर 'डोकं माझं आहे' असं उत्तर मिळायचं. 'नाही' आलं, की मी उशी उसवायची, कापूस पुन्हा पिंजायचा, पुन्हा भरायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांच्या डोक्याखाली ठेवायची. एका नणंदेची निळी उशी तर अशी इतक्यांदा उसवली, की शेवटी तिच्यात कापसापेक्षा माझे सुस्कारे जास्त भरले असतील.

असं सगळं सुखात चाललेलं असताना गावातल्या मोठ्या इस्पितळाच्या मेट्रनबाई आमच्याकडे आल्या. नर्सेसच्या होस्टेलमधल्या उशा म्हणे वाळूच्या पोत्यांसारख्या झाल्या होत्या. "रात्रपाळी करून आलेल्या मुलींना दिवसा झोप लागत नाही हो," त्या म्हणाल्या. "आणि मग इंजेक्शन देताना पेशंटला कळतं, की हिची झोप झालेली नाही." सगळ्या होस्टेलच्या उशा त्या माझ्याकडून घेणार होत्या. अट एकच. त्यांचा हिशेबनीस फक्त नोंदणी झालेल्या धंद्याकडूनच माल घ्यायचा. नवीन तुकडीच्या मुली यायच्या आत माझी नोंदणी झाली तर ठीक, नाहीतर काम कोपऱ्यावरच्या गादीवाल्याला जाणार होतं. त्याची नोंदणी होती. त्याची उशी म्हणजे मळून विसरलेला कणकेचा गोळा असायचा, पण नोंदणीत तसा रकाना नव्हता.

मला ते काम हवं होतंच. पण आणखी एक गोष्ट हवी होती, आणि ती मी कोणाला बोलून दाखवली नव्हती. दारावरची पाटी यांच्या नावाची. वीजबिल यांच्या नावाचं. दुधाचं कार्डसुद्धा यांच्या नावाचं, आणि हे तर दूध पीत नसत. घरातला शब्द सासूबाईंचा. जगातल्या एका तरी सरकारी कागदावर, कशाची का होईना, 'मालक' म्हणून माझं नाव असावं, असं मला फार वाटायचं.

नोंदणीचा अर्ज हे घेऊन आले. हे वाचनालयात सूचीकार होते. जगातल्या प्रत्येक वस्तूला एक नेमका क्रमांक आणि प्रत्येक प्रश्नाला एक पूर्ण उत्तर असतं, अशी त्यांची श्रद्धा होती. त्यांना कोणी रस्त्यात 'काय, कसं काय?' विचारलं, तर विचारणाऱ्याची बस चुकायची. अर्ज मीच भरते असं मी म्हटलं, तर हे म्हणाले, "अगं, तुझं अक्षर चांगलं आहे, पण तू थोडक्यात लिहितेस."

मालकाच्या रकान्यात त्यांनी माझं नाव लिहिलं. वळणदार, ठसठशीत. मी दोनदा वाचलं. मग पुढचा प्रश्न आला: 'व्यवसायावर प्रत्यक्ष नियंत्रण कोणाचे? मालकाव्यतिरिक्त कोणी असल्यास तपशील द्यावा.'

"माझंच," मी म्हटलं.

यांनी पेन खाली ठेवलं. "आई 'नाही' म्हणाली, की उशीचं तू काय करतेस?"

"उसवते."

"मग नियंत्रण कोणाचं झालं?"

"अहो, पण शिवते मी. भरते मी. विकते मी."

"ते सगळं काम झालं. नियंत्रण वेगळं. आता वाचनालयात पुस्तकं मी लावतो, पण..."

"वाचनालयाचं वाचनालयात ठेवा."

"सरकारनं विचारलंय," हे म्हणाले, "म्हणजे त्यांना जाणून घ्यायचं असणार."

सासूबाई पलंगावरून हे सगळं ऐकत होत्या. त्या उठून बसल्या. "लिही रे माझं नाव," त्या म्हणाल्या. "आणि जाड अक्षरात लिही."

असं माझ्या धंद्यावर सासूबाईंचं नियंत्रण असल्याचं माझ्याच अर्जात लिहिलं गेलं, आणि खाली सही माझी घेतली गेली.

शेजाऱ्यांना हे कळलं तेव्हा सल्ले सुरू झाले. डावीकडे कोषागारातून निवृत्त झालेले काका राहायचे. त्यांना आम्ही कोषागारकाका म्हणायचो. त्यांच्या मिशा इतक्या काळ्या होत्या, की उरलेले काका त्यांच्यामागे फिके दिसायचे. ते म्हणाले, "वहिनी, घात केलात. सरकार विचारेल तेवढंच सांगावं. तेसुद्धा थोडं कमी. मी कोषागारात नोकरी केली, पण अजून घरी कोणाला माहीत नाही मी तिथं काय करायचो." हे मात्र खरं होतं. काकूंनाही माहीत नव्हतं.

उजवीकडे अपीलबाई. त्यांचे यजमान वकील होते, पण सल्ला त्या द्यायच्या. त्या म्हणाल्या, "काही म्हणजे काही सांगायचं नव्हतं. माहिती मागायचा अधिकार यांना दिला कोणी? आधी ते विचारा. कलम सांगा म्हणावं."

यांना प्रश्न आवडला. त्यांनी कार्यालयाला पत्र घातलं. उत्तर आलं ते मला अजून पाठ आहे: 'निबंधकास आवश्यक वाटेल ती माहिती, आवश्यक वाटेल त्या व्यक्तीकडून, आवश्यक वाटेल तितक्या वेळा मागविण्याचा अधिकार आहे.'

अपीलबाईंनी चष्मा लावून वाचलं. पुन्हा वाचलं. "हं," त्या म्हणाल्या, "मग दिलेलाच दिसतोय," आणि गॅसवर काहीतरी आहे असं म्हणून निघून गेल्या.

बरं, आमचं पत्र जाईपर्यंत त्या कार्यालयात आमच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. आता गेलं. लगेच पहिली नोटीस आली. नियंत्रक व्यक्तीची शैक्षणिक पात्रता काय, नेमणूक कोणी केली, मोबदला काय, आणि नियंत्रणाची पद्धत कोणती.

हे खुशीत आले. त्यांनी पाठपोट कोरे कागद घेतले आणि रविवारची सकाळ त्यात घातली. पात्रता: 'औपचारिक नाही. अनुभव आजन्म.' नेमणूक: 'स्वतःच.' मोबदला: 'दोन वेळचा चहा, पैकी दुसरा वेळेवर न मिळाल्यास नाराजी.' पद्धत या प्रश्नापाशी ते बराच वेळ थांबले. मग एकच शब्द लिहिला: 'झोपून.'

"अहो, हे असं लिहितात का?" मी म्हटलं.

"मग कसं लिहू? आडवं होऊन? ते अपुरं आहे."

दुसरी नोटीस यायला वेळ लागला नाही. ती वाचून यांनी आनंदानं नवे कागद काढले, आणि मी नुसतंच कपाळ धरलं. 'नियंत्रणाची पद्धत निद्रा अशी नमूद केली आहे. नियंत्रक व्यक्ती निद्रिस्त असताना व्यवसायाचे नियंत्रण कोणाकडे असते? त्या काळातील नियंत्रकाचाही तपशील तातडीने सादर करावा.'

त्या संध्याकाळी आमच्या घरात जो वाद झाला, तसा कुठल्या विद्यापीठातही झाला नसेल. यांचं म्हणणं, माणूस झोपतो, नियंत्रण झोपत नाही. कोषागारकाकांनी त्याला दुजोरा दिला. "आमच्याकडचा पहारेकरी वर्षानुवर्षं झोपलेला असायचा, पण जबाबदारी त्याचीच." अपीलबाई म्हणाल्या, झोपलेल्या माणसाची सही कायद्यात चालत नाही, तर नियंत्रण कसं चालेल? मी म्हटलं, त्या झोपलेल्या असताना जागी मीच असते, तेव्हा नियंत्रण माझं. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे मी डोळे मिटायची वाट बघत होतीस." त्यानंतर त्या रात्रीच्या जेवणापर्यंत बोलल्या नाहीत. जेवताना फक्त 'मीठ' म्हणाल्या.

गादीवाला येता-जाता दारात डोकावायचा. "वहिनी, अजून अर्जच चाललाय का? नाही, मेट्रनबाई आमच्याकडे नमुना बघून गेल्या, म्हणून विचारलं." त्याच्या आवाजात इतकी काळजी असायची, की मला त्याच्या डोक्यात कात्री घालावीशी वाटायची.

मेट्रनबाई आणखी थांबू शकत नव्हत्या. नव्या मुली यायला आल्या होत्या. म्हणून मी एक दिवस चांगली साडी नेसून स्वतःच त्या कार्यालयात गेले. रांगेत उभी राहिले. खिडकीत एक गोल चेहऱ्याचा कारकून होता. मी नोटीस पुढे केली. त्यानं ती वाचली आणि त्याचा चेहरा एकदम प्रेमळ झाला.

"झोपेची फाइल तुमचीच का?"

माझ्यामागची सगळी रांग पुढे वाकली.

"उशांची," मी म्हटलं.

"तीच ती." त्यानं मान मागे वळवली. "अरे, झोपेच्या बाई आल्यात." आतल्या तीन टेबलांवरची माणसं उभी राहिली. एकानं तर हातातला डबा खाली ठेवला. मी आयुष्यात कधी मान खाली घालावी लागेल असं काही केलं नव्हतं. मुलांच्या शाळेत मला सगळे ओळखायचे ते स्वेटर विणणारी म्हणून. आणि इथे सरकारदरबारी माझी ओळख झोपेच्या बाई अशी झाली होती. मी पदर सावरून शक्य तेवढ्या जागेपणानं म्हटलं, "मला प्रमाणपत्र कधी मिळेल?"

"मिळणार ना. पण साहेब म्हणालेत, हे प्रकरण कागदावर समजत नाही. ते स्वतः येऊन पडताळणी करणार. गुरुवारी दुपारी. नियंत्रण चालू असतानाच."

साहेब गुरुवारी आले. बारीक अंगाचे, हातात फाइल, आणि बोलणं असं, की काम कोणीच करत नाही, सगळं आपोआप होतं. "आत येण्यात येत आहे," म्हणाले आणि आत आले. मी पाणी दिलं, तर "पाणी स्वीकारता येईल" असं म्हणून स्वीकारलं. मी चांगली उशी घालून खुर्ची दिली होती. तिच्याकडे पाहून ते म्हणाले, "पडताळणीखालील वस्तूवर बसता येणार नाही," आणि उशी काढून बाजूला ठेवली.

बघायला सगळे हजर होते. कोषागारकाका स्वतःची खुर्ची घेऊन आले होते. अपीलबाई विणकाम घेऊन, वकिलांच्या वतीनं. गादीवाला 'सहज' आला होता आणि चौकटीला टेकून उभा होता. हे पलंगाच्या पायथ्याशी कागद-पेन घेऊन तयार होते, साहेबांचं काही लिहायचं राहिलं तर असावं म्हणून. सासूबाईंनी ठेवणीतली शाल पांघरली होती आणि केसांना तेल लावलं होतं. इतक्या लोकांसमोर झोपायचं म्हणजे नीटनेटकं झोपायला हवं.

"नियंत्रण सुरू करण्यास हरकत नाही," साहेब म्हणाले.

सासूबाई आडव्या झाल्या. डोळे मिटले. अपीलबाईंच्या सुया तेवढ्या वाजत होत्या. साहेबांनी फाइलीत काहीतरी लिहिलं, मग सासूबाईंकडे पाहिलं, मग पुन्हा लिहिलं. बराच वेळ असा गेला. श्वास संथ झाला. शाल वर-खाली होऊ लागली.

साहेब माझ्याकडे झुकले. "झोप लागली असावी?" ते कुजबुजले.

"लागली. त्यांना लगेच लागते."

"आता या क्षणी नियंत्रण कोणाकडे आहे, असं आपलं म्हणणं?"

मला वाटलं, हीच वेळ. सासूबाई झोपलेल्या, साहेब समोर, प्रमाणपत्र हातभर अंतरावर. मी आवाज आणखी खाली आणला. "साहेब, खरं सांगू का, नियंत्रण वगैरे काही नाही. त्या नुसत्या पडून असतात. उशी कोणाला कशी लागते ते मला कळतं. त्यांना गोणीवर झोपवलं तरी चहापर्यंत उठायच्या नाहीत."

"गोणीवर नाही झोपणार," सासूबाई म्हणाल्या.

त्यांचे डोळे मिटलेलेच होते. अपीलबाईंच्या सुया थांबल्या.

साहेब दचकून उठले. "आजी, आपण जाग्या आहात?"

"मी जागीच असते."

"आज?"

"रोज. दुपारची झोप मला तरुणपणापासून लागत नाही."

हे पहिल्यांदा बोलले. "आई, तू रोज दुपारी झोपतेस ना?"

"डोळे मिटून पडते. तुम्ही सगळे त्याला झोप म्हणता. मी कधी म्हटलं?"

साहेबांच्या चेहऱ्यावर कायद्याची चमक आली. त्यांनी फाइलीचं नवं पान उघडलं. "आजी, माहिती देणं आपल्यावर बंधनकारक आहे, याची कल्पना देण्यात येत आहे."

"माझ्यावर?"

"हो."

"सगळी माहिती?"

"कार्यालयाला आवश्यक वाटेल ती सगळी."

सासूबाई उठून बसल्या. मी इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा असा फुललेला पाहिला नव्हता. उशा सोडून बाहेरच्या जगाचं काही निघालं, की या घरात त्यांना आजवर 'आई, तुला काय कळतंय' आणि 'आई, तुम्ही राहू द्या' एवढंच ऐकायला मिळालं होतं. सांगायलाच हवं, असं त्यांना कोणी म्हटलं नव्हतं. आणि आज सरकार म्हणत होतं.

"मग लिहा," त्या म्हणाल्या. "या आमच्या शेजारीणबाई. यांचे यजमान कोर्टात जायच्या आधी आरशासमोर उभं राहून भांडतात आणि तिथंही हरतात, असं यांनी याच खुर्चीवर बसून माझ्या सुनेला सांगितलं. मी तेव्हा झोपले होते."

अपीलबाईंचा लोकरीचा गुंडा घरंगळत पलंगाखाली गेला. तो काढायलाही त्या वाकल्या नाहीत. गॅसवर काहीतरी राहिलं असं म्हणून उठल्या.

"आजी, याचा उशांशी..."

"येतंय, येतंय. हे कोषागारातले. मिशांना बुटाचं पॉलिश लावतात. ब्रश यांच्याकडून आमच्याकडे राहिला, तो परत न्यायला आले तेव्हा माझ्या मुलाला म्हणाले, घरी सांगू नकोस."

काका उठले. सगळ्यांनी त्यांच्या मिशांकडे पाहिलं, आणि काकांनी सगळ्यांकडे. मग ते खुर्ची उचलून निघून गेले.

"हा माझा मुलगा. वाचनालयात नवी कादंबरी आली, की तिला क्रमांक द्यायच्या आधी शेवटचं पान वाचतो आणि वाचकांना सांगून टाकतो. लोक याला टाळतात ते उगाच नाही."

"आई, हे मी फक्त मित्राला..."

"मी झोपले होते रे तेव्हा. आणि हा गादीवाला..."

"आजी, मी निघतोच आहे," गादीवाला म्हणाला.

"हा गेल्या वर्षी मागच्या दारानं आला. बायकोची मान दुखते म्हणाला आणि हिच्याकडून दोन उशा घेऊन गेला. वर म्हणाला, वहिनी, कुठे बोलू नका, माझ्या दुकानाची अब्रू आहे."

हे मला माहीत होतं. मी शब्द दिला होता म्हणून कुठे बोलले नव्हते. पण सासूबाईंनी कोणाला शब्द दिलेला नव्हता. गादीवाला दारातून नाहीसा झाला. उलटसुलट घातलेल्या त्याच्या चपलांचा आवाज जिन्यावरून बराच वेळ येत होता.

साहेब मगाचपासून लिहीत होते. त्यांनी हळूच पेन मिटलं. "पुरे," ते म्हणाले. "एवढी माहिती कार्यालयाला आवश्यक नाही."

माझी खात्री आहे, त्या कार्यालयाच्या इतिहासात हे वाक्य त्याआधी कोणी उच्चारलं नसेल.

पण पडताळणी पुरी व्हायची होती. साहेबांनी कपाळ पुसलं. "शेवटचा प्रश्न. आपण झोपत नाही, तर उशी चांगली की वाईट हे कशावरून ठरवण्यात येतं?"

सासूबाईंनी शालीचं टोक बोटाला गुंडाळलं. "ज्या दिवशी माझ्याविषयी कोणी वाकडं बोललं," त्या म्हणाल्या, "त्या दिवशीची उशी नापास."

सगळ्या नापास उशा डोळ्यांसमोरून जाऊ लागल्या. "आई, ती निळी उशी?"

"त्या दिवशी तू फोनवर म्हणालीस, म्हातारीचे कान तिखट, पण जीभ त्याहून."

"पण मी ती पुन्हा भरली होती. दुसऱ्या दिवशीही नापास केलीत."

"दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच म्हणालीस. दुसऱ्या मैत्रिणीला."

साहेबांनी पेन पुन्हा उघडलं. "म्हणजे उशीत दोष नव्हता?"

"उशीत कसला दोष." सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "हिच्या हातची पहिली उशी मी डोक्याखाली घेतली, तेव्हाच कळलं होतं. असा हात आमच्या घरात कोणाचा नाही. माझा तर नाहीच."

"मग हे आधीच का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं असतं, तर रोज दुपारी माझ्याकडे नवी उशी घेऊन कोण आलं असतं?"

साहेबांनी मोठ्यानं म्हणत लिहिलं, म्हणजे तेवढं तरी आपोआप झालं नाही. "नियंत्रणाचा उशीशी संबंध आढळून आला नाही. सबब, व्यवसायाची मालकी आणि नियंत्रण दोन्ही मालकाकडेच." त्यांनी माझ्या नावाखाली रेघ मारली आणि सासूबाईंच्या नावावर काट मारली. जाड अक्षरातलं नाव, त्यामुळे काटही जाड मारावी लागली.

सासूबाईंनी ते पाहिलं आणि शाल खांद्यावर नीट केली.

हवी होती ती गोष्ट मला मिळाली होती, आणि तरी मी साहेबांना विचारलं, "यांचं नाव दुसऱ्या कुठल्या रकान्यात घालता येईल का हो?"

साहेबांनी अर्ज खालून वर पाहिला. "'इतर माहिती, असल्यास' असा एक आहे. तो कोणी वाचत नाही."

"चालेल," सासूबाई म्हणाल्या.

तेव्हा त्या रकान्यात 'मालकाच्या सासूबाई दुपारी उशीवर पडतात' एवढं लिहिलं गेलं. ते साहेबांच्या हातचं सर्वांत सुवाच्य वाक्य होतं.

प्रमाणपत्र आलं. नव्या मुली यायच्या आदल्या आठवड्यात आलं. मालक म्हणून माझं संपूर्ण नाव, आणि खाली बारीक अक्षरात, 'वरील माहितीत कोणताही बदल झाल्यास कार्यालयास त्वरित कळवावे.' होस्टेलचं काम मला मिळालं. गादीवाल्यानं ते काम आपल्याला वेळ नसल्यामुळे सोडलं, असं तो सगळ्यांना सांगत असे, आणि मी ते ऐकून मान डोलवत असे. शेवटी तो माझं गिऱ्हाईक होता.

पण त्या गुरुवारनंतर आमच्या मधल्या खोलीची रया गेली. दुपारी तिथे कोणी बोलेनासं झालं. अपीलबाई आल्या तर दारातूनच खुणेनं विचारायच्या. काका यांना अंगणात भेटायचे, तेही घरापासून लांब, मिशीवर हात ठेवून. मी फोनवर फक्त हवापाण्याचं बोलायची. सासूबाई पलंगावर डोळे मिटून पडायच्या, कान टवकारायच्या, आणि कानावर पडायचं काय, तर पंख्याची घरघर. असे काही दिवस गेले आणि एक दिवस घरघर वाढली. मी आत जाऊन बघते, तर पंखा बंद होता.

त्या खरोखरच झोपल्या होत्या. तरुणपणापासून राहून गेलेली दुपारची झोप त्यांना अखेर लागली होती. चहा झाला, दिवे लागले, तेव्हा त्या उठल्या. माझ्या हातात नव्या नमुन्याची उशी दिली आणि म्हणाल्या, "नाही."

"आई, आज तर कोणी काही बोललंच नाही."

"म्हणून तर झोप लागली. आणि झोप लागली म्हणून कळलं. डावीकडे गाठ आहे. मान धरली माझी."

मी हात फिरवला. गाठ होती. बोटाच्या पेराएवढी, पण होती. मला ती भरताना लागली नव्हती.

हे दिवाणखान्यातून कागद-पेन घेऊन आले. डोळे चमकत होते. "अगं, म्हणजे आता खरंच नियंत्रण आलं. प्रत्यक्ष, आणि झोपून. माहितीत बदल झालाय. कार्यालयाला त्वरित कळवायला हवं."

"नको."

"पण नियम..."

"अहो, प्रमाणपत्रावर मालक कोण आहे?"

हे भिंतीवर लावलेल्या प्रमाणपत्रापर्यंत चालत गेले आणि चष्मा वर करून त्यांनी खरंच वाचून पाहिलं. प्रश्न विचारला होता, त्यामुळे उत्तर बघणं भागच होतं. "तू," ते म्हणाले.

"आणि नियंत्रण?"

"तुझंच."

"मग पेन ठेवा."

त्यांनी पेन ठेवलं. मी म्हटलं आणि ठेवलं, असं आमच्या घरात पहिल्यांदाच घडत होतं. मी क्षणभर तशीच ताठ उभी राहिले. मग कात्री घेतली, सासूबाईंच्या पायाशी बसले आणि उशीची डावी शिवण उसवायला लागले.